एका माणसाच्या शेवया

२ फेब्रुवारी, सोमवार

"हा माणूस हजार शर्ट शिवेल, पण स्वतःच्या ताटात चमचाभर काही वाढून घेणार नाही."

आई हे म्हणाली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. ती तापाने फणफणली होती, आणि बाबा स्वयंपाकघराच्या दारात रिकामं ताट हातात धरून उभे होते. कुणीतरी येऊन वाढेल म्हणून! शेवटी मीच स्टुलावर चढून वाढलं.

आज दिवसभर ते वाक्य डोक्यातून जात नाही. कारण दुपारी दादाचा फोन आला. अठ्ठावीस तारखेला येतोय. परतीची दोन तिकिटं काढलीत — एक त्याचं, एक बाबांचं.

"तू किती दिवस डबे पोचवणार? त्यांना दिसत नाही. एक दिवस गॅस चालू राहील आणि मग बसू आपण रडत."

दादाचं चुकत नाही, हाच तर त्रास आहे. आई गेली तीन वर्षांपूर्वी. बाबांचे डोळे गेल्या वर्षी. "मधलं गेलं, कडेचं राहील," डॉक्टर म्हणाले. म्हणजे समोर बघितलं की काळा डाग, बाजूला थोडं धूसर. माझ्याशी बोलताना ते दाराकडे बघतात.

मी फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता. बाबा ऐकत होते. मध्येच दादाला म्हणाले, "साहेब, एक तिकीट फाडून टाका."

"बाबा, हट्ट करू नका. माझ्यासमोर एक जेवण स्वतः रांधा, स्वतः वाढा, माझ्या पंगतीला बसून खा. कुणी हात लावायचा नाही. जमलं तर पुन्हा तोंड उघडणार नाही."

"कबूल!"

फोन ठेवला. मग बाबांनी दाराकडे बघत मला विचारलं, "बटण, पाणी उकळलं हे कळतं कसं?"

(लहानपणी मी शर्टाचं बटण गिळलं होतं. तेव्हापासून मी बटण.)

३ फेब्रुवारी, मंगळवार

शिकवायचं काय? भात म्हणजे कुकर, आणि कुकरला बाबा आधीपासून भितात. फडताळ उघडलं तर शेवयांची चार पाकिटं निघाली — दोन गव्हाच्या, दोन तांदळाच्या. लांब, सरळ, केसांसारख्या. बाबांनी पाकीट फोडून एक काडी बोटांत फिरवली.

"बारीक आहे. चाळीस नंबरचा दोरा."

ठरलं. शेवया!

त्यांना माझ्याकडे चला म्हणून सांगून झालंय. "चौथ्या मजल्यावर राहायला मी कबूतर आहे का?" म्हणाले. आणि मशीन? पुढची खोली दुकान, मागची खोली घर — सेहेचाळीस वर्षं. मशीनला हात लागला नाही तर त्यांना झोप येत नाही.

माझ्याकडे आता मी एकटीच. नवरा दहा वर्षांपूर्वी वेगळा झाला, लेक जूनमध्ये परगावी शिकायला गेली. घर कसं नीटनेटकं राहतं!

४ फेब्रुवारी, बुधवार

पहिला धडा. फजिती — आणि ती माझीच!

मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. सात ते तीन, रक्त काढायचं आणि बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवायच्या. तीच सवय नडली. जाड काळ्या पेनाने लिहिलं — मीठ, साखर, तेल, मिरपूड. प्रत्येक डब्यावर चिकटवलं. बाबा शांत बसून ऐकत होते.

"काय करत होतीस?"

"नावं लिहिली, बाबा. मोठ्ठी."

"छान. आता मला वाचता येतील अशी लिही."

मी तिथेच फरशीवर फतकल मारून बसले.

पुढे शेवया. पाणी उकळलं, शेवया पडल्या, मी म्हटलं चार मिनिटं. पण चार मिनिटं म्हणजे किती? घड्याळ दिसत नाही. त्यांनी अंदाजाने झाकण उघडलं तेव्हा आत एकच गोळा होता. बोटाने चाखून बघितला.

"उत्तम खळ झालीय. दहा कॉलर कडक होतील."

५ फेब्रुवारी, गुरुवार

पुन्हा खळ. आजची पंधरा कॉलरना पुरेल.

७ फेब्रुवारी, शनिवार

जमलं! जमलं! आणि युक्ती माझी नाही.

मी पुन्हा "चार मिनिटं" म्हटल्याबरोबर बाबा वैतागले. "मिनिटं मला नको सांगूस. बाह्यांत सांग."

"कसल्या बाह्या?"

"एक बाही शिवायला मला किती वेळ लागतो? घे, मोज."

बाबा पुढच्या खोलीत गेले. मशीनवर ना कापड, ना दोरा. पायाखालचा पायटा चालवायला लागले. हात हवेत, पण हातात बाही आहे हे मला दिसत होतं — इथे वळवली, इथे दुमडली, इथे थांबून उलटा टाका घातला. थांबले. दोन मिनिटं दहा सेकंद. पुन्हा चालवायला लावलं. दोन मिनिटं आठ. तिसऱ्यांदा दोन मिनिटं अकरा!

लॅबमधलं यंत्रसुद्धा इतकं पक्कं नाही.

तर, तांदळाच्या शेवया, बाबांच्या पद्धतीने: खोलगट भांड्यात कोरड्या शेवया मोडून घालायच्या. विजेच्या किटलीतलं उकळतं पाणी ओतायचं. वर ताटली झाकायची. जाऊन दोन बाह्या शिवायच्या. परत येऊन निथळायच्या, चमचाभर तेल, मीठ, मिरपूड, लिंबू, आणि काट्याने मोकळ्या करायच्या. गॅस पेटवायचाच नाही!

पाणी ओतताना भांडं भरलं हे कळायला त्यांनी बोटात अंगुस्तान घातलं — सुई टोचू नये म्हणून शिंपी घालतात ती धातूची टोपी. ते बोट भांड्याच्या काठाशी आत धरायचं. टोपी तापली की थांबायचं. मी गार पाण्याचा तांब्या धरून शेजारी उभी. ते मात्र शीळ घालत होते.

शेवया सुटसुटीत. मोकळ्या. प्रत्येक काडी वेगळी! मी दोन वाट्या खाल्ल्या.

८ फेब्रुवारी, रविवार

बाबांनी माझ्या चिठ्ठ्या खरवडून काढल्या. कापडाच्या पट्ट्यांवर बटणं शिवून त्या डब्यांना बांधल्या. दोन भोकांचं बटण मीठ. चार भोकांचं साखर. कोटाचं जाड बटण तेल. मिरपुडीला टिचबटण — "चावतं म्हणून."

सुईत दोरा ओवायला कितीदा चुकले ते मोजलं नाही. मदत करू का, हे विचारायचं नाही एवढं मला कळलंय.

१० फेब्रुवारी, मंगळवार

मी मूर्ख. मारे फुशारक्या मारत दादाला किटलीचं सांगितलं!

"किटली म्हणजे स्वयंपाक नव्हे. मला भीती गॅसची आहे, तर गॅसवर करून दाखवू देत."

बाबा म्हणाले, "बरोबर बोलला. गिऱ्हाईकाने कोट मागितला आणि आपण रुमाल दिला, असं कसं चालेल?"

११ फेब्रुवारी, बुधवार

गॅस.

पेटवताना ते कान खाली नेतात. फस्स आणि भप्प यांत किती अंतर आहे ते ऐकतात. मग तळवा वर धरून ऊब कुठवर येते ते बघतात. कढई नेहमी मागच्या शेगडीवर, दांडा नेहमी भिंतीकडे. बाहीला इलास्टिक, म्हणजे लोंबत नाही. हे सगळं त्यांनीच ठरवलं.

गव्हाच्या शेवया आधी भाजायच्या. रंग बदलतो तो त्यांना दिसत नाही. पण मी डोळे मिटून शेजारी उभी राहिले तेव्हा कळलं — रंग बघायची गरजच नाही! कच्च्या शेवया कढईत जड आवाज करतात, खरखर. भाजत आल्या की आवाज हलका होतो, सुक्या पानांसारखा. आणि त्याच क्षणी वास येतो. मी चाळीस वर्षं शेवया खातेय, आवाज आज ऐकला.

बाबा म्हणाले, "कात्री धार लावून आणली की असाच आवाज बदलतो."

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

वाईट दिवस.

शेवया उत्तम झाल्या होत्या. कांदा, मटार, सगळं बेताचं. बाबा पुढच्या खोलीत वाटी घेऊन बसले आणि तेवढ्यात दारात त्यांचं जुनं गिऱ्हाईक उभं. शाळेच्या मुख्याध्यापिका, तीस वर्षं त्यांच्याकडून ब्लाउज शिवून घेतलेले. नुसती चौकशी करायला आल्या होत्या. बाबांनी वाटी चटकन मशीनखाली सरकवली. पाय लागून ती उपडी झाली. बाई गेल्यावर मी पुसायला वाकले.

"राहू दे. साहेबाला सांग मी येतो."

"बाबा! इतकं छान झालंय, आता का?"

"रांधीन गं मी. खाऊ कसा? अर्ध्या तोंडात, अर्ध्या हनुवटीवर. टोक कुठाय ते कळत नाही. तुझ्यासमोर खातो कारण तू बटण आहेस. पोरासमोर लोंबत्या शेवया घेऊन बसू? तिथे निदान खोलीचं दार लावून जेवता येईल."

"बरं," म्हणून मी चपला घातल्या. "बरं"! यापेक्षा वाईट शब्द मला त्या वेळी सापडला नसता.

१४ फेब्रुवारी, शनिवार

लॅबमध्ये एका लहान मुलाच्या आईने डब्यात शेवया आणल्या होत्या. आधी चमच्याने बारीक तोडल्या, मग भरवल्या. मी बघत उभी राहिले. मागून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, रिपोर्ट!"

१५ फेब्रुवारी, रविवार

बाजारातून दोन गडद निळे वाडगे आणले. आतापर्यंत पांढऱ्या शेवया आम्ही पांढऱ्या वाटीत वाढत होतो! दिसणाऱ्याला सुद्धा दिसणार नाहीत. निळ्यात वाढल्यावर बाबांनी मान तिरकी केली, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. "ढग आहे काहीतरी," म्हणाले. "कडा लागते."

मग मी म्हटलं, "आता कात्री द्या."

"कशाला?"

"शेवया कापायच्या. वाडग्यातच. उभ्या दोनदा, आडव्या दोनदा. मग चमच्याने खायच्या. लोंबायला काही उरतच नाही."

घरात स्फोट झाला! कापडाची कात्री — शेवयांना! तिने कागद कापला म्हणून दादाने एकदा सपाटून मार खाल्ला होता. आम्ही त्या कात्रीला हात लावायच्या आधी परवानगी मागायचो. मी मुकाट ऐकून घेतलं. मग बाबाच उठले, खण उघडला, चाचपून काजाची छोटी कात्री काढली. "ही घे. ही तशी कामातून गेलीय." स्वतः उकळत्या पाण्यात बुडवून काढली, पुसली.

कच, कच. कच, कच.

चमचा भरून तोंडात. एकही काडी बाहेर नाही. दुसरा चमचा. तिसरा. मी चमचे मोजत बघतेय, आणि बाबा म्हणतात, "बघत बसू नकोस, तुझ्या निवतायत."

साहेबाला 'येतो' म्हणून काही कळवायचं नाही, असं ठरलं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

माप. मूठभर म्हणजे किती, यावर वाद. मुठीने एकदा कमी पडतं, एकदा उरतं. बाबांनी टेप काढली. तिच्यावर दर इंचाला त्यांनी टाके घातलेत, बोटाला लागतात. शेवयांची जुडी धरली आणि तिचा घेर मोजला, कंबर मोजावी तसा.

"एका माणसाच्या शेवया — घेर तीन इंच."

आता दर रविवारी सात जुड्या बांधून ठेवणार. प्रत्येकीला पांढऱ्या दोऱ्याची गाठ. जुडीला दोन वाट्या पाणी. लिहून ठेवते, कारण मला हे कधी सुचलं नसतं.

"दादाची जुडी?"

"त्याला चार इंच धर. फोनवरच्या आवाजावरून कंबर सुटल्यासारखी वाटते."

२१ फेब्रुवारी, शनिवार

आज मशीनचा आवाज गल्लीच्या तोंडापासून ऐकू येत होता. मला वाटलं, बाह्या मोजतायत. आत जाऊन बघते तर सुईत दोरा होता! खाली मलमलीचा तुकडा!

किटलीच्या शेवया चाळणीत ओतताना वाफेने हात भाजतो, म्हणून त्यांनी पिशवी शिवली. शेवया पिशवीत, पिशवी भांड्यात, वर पाणी. दोन बाह्या झाल्या की लाकडी पट्टीने नाडीला धरून उचलायची, नळाला टांगायची. आपोआप निथळतात.

मी पिशवी उलटी करून शिवण बघितली. सरळ. एका ठिकाणी किंचित वाकडी. वर्षभरात त्यांनी मशीनवर शिवलेली पहिली वस्तू.

"कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"एका ठिकाणी वाकडी आहे."

इतके खूश झाले! चांगली आहे म्हटलं असतं तर विश्वास बसला नसता.

२२ फेब्रुवारी, रविवार

त्यांचा स्वतःचा शोध: निथळलेल्या शेवया गार करायच्या, काकडी किसून, भाजलेले शेंगदाणे कुटून, लिंबू, किंचित साखर, मीठ. गारच खायच्या. लेकीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आई, आजोबांकडे आता मी शिकायला येते, तुझं जेवण बास झालं." आगाऊ!

२४ फेब्रुवारी, मंगळवार

दुधातल्या शेवया. दूध उतू जाणार ही माझी भीती. बाबांनी पातेल्यात छोटी बशी उपडी टाकली. दूध वर यायला लागलं की बशी खडखडते, आणि ते गॅस बारीक करतात. हे कुठून शिकलात विचारलं तर म्हणाले, "तुझी आई टाकायची. मी तिकडे बसून ऐकायचो. तो आवाज कामाला आज आला."

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

उद्या. लॅबमध्ये एका माणसाच्या दंडाला पट्टी बांधून मी विसरून गेले. त्याने आठवण करून दिली.

२८ फेब्रुवारी, शनिवार

सविस्तर लिहिते. एकही गोष्ट सुटायला नको.

दादा अकराला आला. मोठी बॅग, रिकामी — बाबांचे कपडे भरायला. ती त्याने मशीनला टेकवून ठेवली. बाबांच्या पायाला लागली. "ही इथून हलवा," म्हणाले, बस्स.

दादा स्टुलावर, हाताची घडी. मी जमिनीवर, दोन्ही हात मांडीखाली दाबून, चुकून मदतीला धावू नयेत म्हणून.

बाबांनी बाहीला इलास्टिक चढवलं. तीन माणसांच्या चार जुड्या घेतल्या; दादाला भूक लागली असेल म्हणून एक जास्त. कांदा चिरला, बोटं आत दुमडून, सावकाश. दादा दोनदा उठायला गेला, दोनदा मी डोळे वटारले. गॅस: फस्स, भप्प. तळवा. कढई. शेवया मोडून घातल्या. खरखर... खरखर... मग तो हलका आवाज. मी दादाकडे बघितलं. त्याला काही ऐकू आलं नव्हतं. त्याच क्षणी बाबांनी कढई उतरवली. सोनेरी! एकही काळी नाही!

तेल, कांदा, मटार, पाणी. पाणी खळखळलं, शेवया पडल्या, मीठ, झाकण, गॅस बारीक. आणि बाबा हात पुसून पुढच्या खोलीकडे निघाले.

"अहो, गॅस सोडून कुठे चाललात?" दादा ताडकन उभा.

"बाही शिवायला."

दादाने माझ्याकडे असं बघितलं, जणू बाबांचं डोकंही गेलं. मी ओढणी तोंडात कोंबली. पुढून पायट्याचा आवाज — एक बाही, मग अर्धी. परत आले, गॅस बंद केला, झाकण काढलं. वाफ निघून गेल्यावर दिसलं — मोकळ्या, लुसलुशीत, प्रत्येक काडी वेगळी.

निळ्या वाडग्यांत वाढल्या, दादाला पांढऱ्या वाटीत, कारण निळे दोनच. आपल्या वाडग्यात कच कच. चमचा. एकही काडी बाहेर नाही. दादाचा घास हातातच राहिला होता, तो बाबांना जेवताना बघत होता. मग त्याने स्वतः घास घेतला. चावला. थांबला.

आणि तोंडातून काहीतरी ओढायला लागला. लांब. पांढरं. संपेचना!

दोरा. जुडीचा दोरा.

बाबांना शांतता ऐकू आली. "काय झालं? मीठ जास्त?"

"बाबा... दोरा निघाला."

त्यांचा चेहरा उतरला. चमचा खाली ठेवला. मला वाटलं, संपलं. एवढ्या सगळ्या बाह्या, बटणं, सगळं — आणि एका दोऱ्याने!

मग त्यांनी तळहात पुढे केला. "दे इकडे."

बोटांत फिरवला. "चाळीस नंबर. सुती. गाठसुद्धा सुटली नाही." दोरा गुंडाळून खिशात घातला. "जुड्या चार होत्या, दोरे मी तीन काढले. चूक माझी. साहेब, मला एक सांगा. नव्या शर्टात टाचणी राहिली तर गिऱ्हाईक काय करतं?"

"परत आणून देतं," दादा म्हणाला.

"टाचणी दिलीत परत. आता शर्ट कसा होता ते सांगा."

दादाने वाटीत बघितलं. मी त्याच्याकडे. त्याने दुसरा घास घेतला, मग तिसरा, बोलायलाच तयार नाही. वाटी रिकामी करून पुढे धरली. बाबांना ती दिसली नाही, म्हणून बोलावं लागलं.

"अजून आहेत का?"

मी ओरडलेच! अशी ओरडले की समोरच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं. बाबांनी कढई चाचपली, डाव भरून वाढलं, एक काडी खाली सांडली नाही.

जेवण झाल्यावर दादाने फोन काढून काहीतरी दाबलं. टिंग असा आवाज झाला.

"हे काय वाजलं?"

"तुमचं तिकीट फाडलं."

बाबा हसले. असे हसले की डोळ्यांतून पाणी.

दादाचं समाधान मात्र पुरतं झालं नव्हतं. हात धुताना म्हणाला, "निदान हिला तरी येऊन राहू द्या इथे. सोबत होईल."

"कुणी नको," बाबा म्हणाले. "ही आली तर मी हरलो. तूच म्हणशील, बघा, लागलंच ना कुणीतरी. मी एकटा राहतो, असं ठरलंय."

"मान्य," दादा म्हणाला. मीही मान हलवली. त्या आनंदात मी कशालाही मान हलवली असती.

१ मार्च, रविवार

दादा गेला. रिकामी बॅग रिकामीच नेली. नाही, आत बाबांनी बांधलेल्या सहा जुड्या. घेर चार इंच! दोरे मोजून दिलेत.

पोचल्यावर फोन: "बाबा, दीड बाही म्हणजे नक्की किती मिनिटं?"

"मशीन घे," बाबा म्हणाले.

३ मार्च, मंगळवार

सुटल्यावर सवयीने डबा घेऊन गेले. बाबा जेवायला बसले होते. भांडी घासून पालथी घातलेली. मुख्याध्यापिका बाई समोर खुर्चीवर, हातात निळा वाडगा! "तुमच्या वडिलांनी आग्रह केला," म्हणाल्या. काकडीच्या होत्या. बाबा पाठ ताठ करून, त्यांच्यासमोर, खात होते.

"बटण, डबा कशाला? लॅबमधून थेट घरी जात जा. पाय किती दुखवशील?"

किती छान वाटलं! आता संध्याकाळ पूर्ण माझी. डबा परत घेऊन आले.

५ मार्च, गुरुवार

घरी शेवया केल्या. टेपने मोजून, तीन इंच. चांगल्या झाल्या. अर्ध्या उरल्या.

६ मार्च, शुक्रवार

त्यांना फोन केला. "घाईत आहे, कढई तापलीय," म्हणाले, आणि ठेवला.

७ मार्च, शनिवार

आज बाबा आंघोळीला गेले असताना त्यांची टेप घेऊन पुढची खोली मोजली. मशीन आणि भिंत यांच्यामध्ये एक खाट मावते. चार बोटं उरतात.

उद्या विचारणार आहे. ते नाही म्हणतील, माहीत आहे. मी आले तर ते हरले. आणि त्यांना जिंकवायला महिनाभर मीच तर झटले. पण वाक्य पाठ केलंय:

बाबा, जमलं तुम्हाला. मला नाही जमत. मी इथे राहायला येऊ?